पिवळी वायर, हिरवं सॉकेट

दार लोटून घे, आणि तो मोबाइल पालथा ठेव. हे माझ्या मित्राच्या घरी घडलंय. तो शिंपी, मापातसुद्धा कधी खोटं बोलत नाही.

गेल्या वर्षी, अकरा नोव्हेंबर. संध्याकाळी तो फोटोग्राफरकडून व्हीसीआर मागून आणायला गेला. व्हीसीआर म्हणजे व्हिडिओ कॅसेट लावायचं यंत्र, तू पाहिलंही नसशील. त्याच्या आईची नजर चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, काय बघायचं ते आठवड्याभरात बघून घ्या. तिला बघायचा होता थोरला मुलगा. तो वीस वर्षांपूर्वी गेला, आणि घरात त्याची एकच कॅसेट. आईला आता चेहरे कळत नव्हते, रंग तेवढे कळायचे. कॅसेटमध्ये त्यानं तिनंच विणलेला लाल स्वेटर घातला होता.

"लाल दिसला की ओळखेन मी," ती म्हणाली.

शिंप्यानं माळ्यावरचा डबा टीव्ही खाली काढला. मागे बघतो तर पिवळं, पांढरं, लाल सॉकेट. शेजारी हिरवं, निळं आणि पुन्हा लाल! एक लाल आवाजाचं, एक चित्राचं. हे ज्याच्या डोक्यातून निघालं ना, तो मला एकदा भेटायला हवा. त्यात पिवळं सॉकेट तुटून आत गेलेलं. मग यानं पिवळी वायर हिरव्यात खुपसली. चित्र आलं, पण काळं-पांढरं. येणारच! पिवळ्या वायरीतून सगळं चित्र एकत्र येतं. हिरवं सॉकेट त्यातला उजेड-अंधार तेवढा घेतं. रंग निळ्या आणि लाल सॉकेटातून येतात, त्यांच्या वायरी वेगळ्या. मला एक फोन करायचा, तर तेवढंही सुचलं नाही गाढवाला.

तीन तास नुसती खटपट. वायर निळ्यात घालून पाहिली, लालमध्ये पाहिली.

"आला का रे?"

"थांब गं आई!"

"करडंच दिसतंय सगळं."

"थांब म्हटलं ना!"

बारा वाजून वीस मिनिटांनी व्हीसीआरनं कॅसेट चावली. बाहेर काढली तर फीत चुरगळून तुटलेली. शिंप्याचं डोकं सणकलं. त्यानं सगळ्या वायरी उपटून फेकल्या, टीव्हीचा भिंतीतला प्लगसुद्धा. दिवा मालवला आणि अंधारात जमिनीवर बसून रडला.

मग... खरखर.

काच उजळली.

लाल.

काचभर लाल. विणीचे टाके मोजता येतील, इतकं जवळ.

"आलं बघ," आई म्हणाली. "उगीच चिडत होतास."

तो हलला नाही. प्लग त्याच्या पायाशी पडला होता.

आई चाचपडत गेली. काचेवर हात ठेवला.

"बाळा..."

आवाज नाही. काहीच नाही.

आई मात्र मान डोलावत होती. बराच वेळ. मग म्हणाली, "बरं... जा."

काच विझली.

सकाळी आईला काहीच दिसत नव्हतं. पण तिनं नेहमीसारखा चहा मागून घेतला.

शिंप्यानं टीव्ही पुसायला घेतला. काचेवर दोन पंजे, एकावर एक. लहान होता आईचा, तो फडक्यानं लगेच गेला. मोठा जाईना. ओलं फडकं झालं, साबण झाला. शेवटी त्यानं नखानं खरवडलं. नख गुळगुळीत काचेवरून घसरलं...

तो पंजा आतल्या बाजूनं होता.