बुडबुडेबाई

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातले सगळे घोळक्यानं खाली गेले. तिला कुणी हाक मारली नाही. तिनंही मान वर केली नाही. या गावात नोकरीला आल्यापासून असंच चाललं होतं. पाठीमागे सगळे तिला ‘बुडबुडेबाई’ म्हणतात, हेही तिच्या कानावर आलं होतं.

प्रयोगशाळेतल्या उंच काचेच्या नळीत बुडबुडे वर चढत होते. ती एकटक बघत होती, तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. पावसानं निथळणारा एक तरुण... पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट.

“मत्स्यखात्याचं ऑफिस हेच का?”

“पलीकडचं दार. पण आत्ता कुणी नाही.”

“तुम्ही आहात की!”

तिला एकदम हसू फुटलं. कुणीतरी तिला जमेस धरलं होतं!

“काय करताय?” तो नळीपाशी आला.

“बुडबुडा वर जाता जाता पाण्याला किती ऑक्सिजन देतो, ते मोजते.”

“मग ऑफिस राहू द्या, तुम्हीच चला! मी माशांची पिल्लं वाढवतो. हवेचा पंप धडधडतोय, टाकीत पाणी उकळल्यासारखं दिसतंय... तरी पिल्लं वर तोंड काढून तडफडताहेत. काल निम्मी गेली.”

“बुडबुडे केवढे?”

त्यानं बोटं जुळवून दाखवलं — चांगले लिंबाएवढे.

“अहो, एवढाले बुडबुडे धावतच वर जातात! पाण्याला काही द्यायला थांबतात कुठे?”

“माणसांसारखेच,” तो पुटपुटला.

तिनं चमकून त्याच्याकडे पाहिलं... आणि ऑक्सिजन मोजायचं यंत्र उचललं.

टाक्यांच्या शेडमध्ये पत्र्यावर पाऊस वाजत होता. यंत्रावरचा आकडा फारच खाली होता. दोघांनी मिळून जाळीनं बरीचशी पिल्लं दुसऱ्या टाकीत हलवली. मग तिनं हवेच्या नळ्यांच्या टोकांना प्रयोगशाळेतून आणलेले बारीक छिद्रांचे दगड बसवले. आता पाण्यात धुक्यासारखे इवलेसे बुडबुडे पसरले; रेंगाळत, सावकाश वर येऊ लागले. आकडा चढायची वाट बघत दोघं टाकीच्या कठड्याला टेकली.

“दिवसभर कुणाशी बोलता तुम्ही?” तिनं विचारलं.

“पिल्लांशी. उत्तरं देत नाहीत, पण ऐकून घेतात. तुम्ही?”

“ताईशी... रविवारी, फोनवर.”

“आणि बाकीचे दिवस?”

ती आकड्याकडे बघत राहिली.

हळूहळू पिल्लं तळाशी जाऊ लागली. “बघा, बघा, खाली गेली!” त्यानं आनंदानं तिचा हात धरला — आणि चटकन सोडला. “माफ करा... ओले आहेत माझे हात.”

“माझेही,” ती म्हणाली.

निघताना तिनं सांगितलं, “आकडा आता छान आहे. माझं काही काम उरलं नाही.”

“नाही का...?” एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी खोलीवर येऊन तिनं उभ्याउभ्याच जेवण उरकलं. समोर भिंत होती. कितीतरी महिन्यांत कुणी तिचा हात धरला नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं.

रविवारी ती शेडच्या दारात उभी राहिली. तो टाकी घासत होता. तिला बघून दचकलाच.

“काही बिघडलंय का? यंत्र कुठाय?”

“नाही आणलं.” तिचे कान तापले होते. “आज मोजायचं काही नाही. मी... तुम्हाला भेटायला आले.”

त्यानं हातातला ब्रश खाली ठेवला. मग त्यानं एक बादली पालथी घातली, बाहीनं नीट पुसली आणि तिच्यापुढे ठेवली.

“बस ना,” तो म्हणाला. ‘बसा’ नव्हे... ‘बस’.

ती बसली.