कड्यावरचा ट्रेलर

"माझी ताई उडी मारणाऱ्यातली नाही हो. दुसऱ्याला मारायला लावणाऱ्यातली आहे!"

एवढं सांगून पाहुणीने खुर्चीत बसकण मारली आणि मग रडून घेतलं. एरवी माणसं आधी रडतात आणि मग बोलतात. पण ज्यांच्याकडे वेळ नसतो ती आधी कामाचं बोलतात, हे वहिनींना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

वहिनी खासगी तपासाचं काम करत. सगळे त्यांना वहिनीच म्हणत, कारण त्यांचा दीर दिवसभर त्याच नावाने हाका मारी. दीर, म्हणजे भाऊजी, गाडी चालवायचे, फोटो काढायचे आणि चुकीचा अंदाज सर्वांच्या आधी बांधायचे. तिन्ही कामांत तरबेज.

पाहुणीची ताई इस्पितळातून निवृत्त झालेली मेट्रन. घरीदारी सगळे तिला मेट्रनबाईच म्हणत. निवृत्त झाल्यावर तिने छोटा ट्रेलर घेतला. आत बिछाना, शेगडी, बेसिन. तो मोटारीला जोडायचा आणि समुद्रकाठच्या रस्त्याने एकटीने भटकायचं, हा तिचा दरवर्षीचा नेम. काल सकाळी तोच ट्रेलर एका कड्यावर सापडला. बाई नाही. कड्याच्या टोकाशी चपलांचा जोड.

"इन्स्पेक्टर म्हणतात, एकटा जीव, मन खचलं असेल. बोटी आज सूर्यास्तापर्यंत शोधतील, मग तपास बंद."

"तुम्हाला काय वाटतं?"

"ती जिवंत आहे. आणि कुठेतरी भयंकर चिडलेली आहे."

भाऊजींनी घड्याळ पाहिलं. "वहिनी, तिथे पोचेपर्यंतच दुपार होईल."

"मग तोंड कमी चालवा आणि गाडी जास्त."

कड्यावर वारा उभं राहू देत नव्हता. खाली दोन बोटी पाण्यावर येरझारा घालत होत्या. मोटार सोडवून बाजूला लावलेली. ट्रेलर मात्र पाहण्यासारखा उभा होता. चाकांना ठोकळे, चारही कोपऱ्यांत टेकू, आणि दारापाशी बसवलेल्या, सपाटी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध.

"बघा, किती निगुतीने लावलाय," इन्स्पेक्टर म्हणाले. "शिस्तीची बाई. मरतानाही शिस्त."

आत शिस्तीचा मागमूस नव्हता. कपाटाची दारं उघडी, जमिनीवर साखर, साखरेत कपांचे तुकडे.

पाहुणी दारातच थबकली. "छे! ट्रेलर हलवायच्या आधी ताई सुईदोरासुद्धा बांधून ठेवते. कप टॉवेलात, कपाटाला खिटी. मी एकदा चमचा बाहेर ठेवला तर तासभर ऐकवलं होतं मला."

"मन थाऱ्यावर नसलं की माणूस खिट्या विसरतो, बाई," इन्स्पेक्टर म्हणाले.

वहिनी बेसिनवर वाकल्या होत्या. बेसिनमध्ये जाड बुडाचा काचेचा पेला होता आणि त्यात विझलेली, ठेंगणी मेणबत्ती. त्यांनी पेला डोळ्यांच्या पातळीवर सरळ धरला. वितळून थिजलेलं मेण एका कडेला वर चढलेलं, दुसऱ्या कडेला खाली उतरलेलं होतं.

"मेणबत्तीत काय दिसतंय?" इन्स्पेक्टरांनी मिस्किलपणे विचारलं.

"मेण," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, फोटो."

इन्स्पेक्टरांनी पिशवीतल्या चपला दाखवल्या. पाहुणीने मान हलवली. "या तर तिच्या आत घालायच्या चपला. बाहेर ती बूटच घालते. उभ्या नोकरीत वॉर्डातली चप्पल तिने उंबऱ्याबाहेर नेली नाही."

"मरायला जाताना जंतूंचा विचार कोण करतो?"

वहिनींनी बिछान्याखाली, दारामागे, मोटारीत, सगळीकडे पाहिलं. बूट कुठेच नव्हते.

मेट्रनबाईचा शेवटचा मुक्काम जवळच्याच ट्रेलरांच्या तळावर झाला होता. तळ चालवणाऱ्या बाई फाटकातच भेटल्या. फाटकाचा एक खांब पार वाकला होता.

"भांडण झालं होतं म्हणे तुमचं?" वहिनींनी सरळ विचारलं.

"झालंच होतं! माझ्या न्हाणीघरांवर तपासणी बसवली तिने. बोट फिरवून धूळ दाखवते मला! पण जागेला नाव ठेवून दाखवा म्हणावं. सगळे सिमेंटचे ओटे. गोटी ठेवा, घरंगळली तर भाडं परत."

"आणि हा खांब?"

बाई जरा वरमल्या. "एकदाच एका गिऱ्हाइकाचा ट्रेलर मागे घ्यायला गेले. चाक डावीकडे वळवलं की तो मेला उजवीकडे जातो! तेव्हापासून कानाला खडा. ज्याचा त्याने लावावा."

शेजारच्या ओट्यावर एक निवृत्त प्राध्यापक निघायच्या तयारीत होते. गेले तीन मुक्काम त्यांचा ट्रेलर योगायोगाने मेट्रनबाईच्या शेजारीच लागत होता.

"योगायोग?" भाऊजींनी भुवई उंचावली.

"पहिला योगायोग," प्राध्यापक प्रांजळपणे म्हणाले. "मी लग्नाचं विचारलं. त्यांनी माझं ब्लडप्रेशर मोजलं आणि मीठ कमी करा म्हणाल्या." बोलता बोलता ते एकेक कप टॉवेलात गुंडाळून फडताळात ठेवत होते. शेवटी अंगठ्याने खिटी लावली, तीही न बघता. "परवा सकाळी निघाल्या. उजवं चाक कण्हत होतं. मीच म्हटलं, उताराखालच्या गॅरेजात दाखवा. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं का हो?"

त्यांचे हात पहिल्यांदाच थांबले.

"नकार पचला नाही," गाडीत बसताच भाऊजींनी निकाल दिला. "हाच तो."

"तुमच्या निकालावर अपील आहे. गॅरेजकडे चला."

गॅरेज म्हणजे पत्र्याची अंधारी शेड. आत रेडिओ एवढा बोंबलत होता की पत्रे थरथरत होते. एका मोटारीखालून मेकॅनिक पाठीवर सरपटत बाहेर आला. सदरा मागून चिखलाने आणि तेलाने माखलेला. शेडच्या मधोमध चारही टायर बसलेली एक गंजकी व्हॅन होती. तिच्याजवळून जाताना भाऊजी जमिनीतल्या फळीला अडखळले आणि कोणाला तरी उद्देशून शिवी पुटपुटले.

"बेअरिंग गेलं होतं!" मेकॅनिक रेडिओच्या वरताण आवाज चढवून म्हणाला. "चाक काढलं, नवं घातलं! दुपारी गेल्या! कड्यावर सूर्यास्त बघणार म्हणाल्या!"

"काम चालू असताना कुठे बसल्या होत्या?"

"ट्रेलरातच! चहा पीत!"

"या अंधारात?"

"काय करणार, बॅटरीची तार सोडवली होती मी!"

"रेडिओ जरा बारीक करता?"

"बटण बिघडलंय!"

"दुरुस्तीच्या दुकानात?" भाऊजी खो खो हसले. मेकॅनिक हसला नाही. तो व्हॅन आणि पाहुणे यांच्या मध्ये येऊन उभा राहिला होता.

वहिनी कड्यावर परतल्या तेव्हा सूर्य पाण्याला टेकायला आला होता. बोटी किनाऱ्याकडे वळल्या होत्या. पाहुणी त्यांच्याकडे पाहत उभी होती.

"साहेब, जीप काढा. धक्का मारायला चार माणसं घ्या."

"कुठे जायचंय?"

"गॅरेजात. रस्त्यात सांगते."

त्यांचा स्वर असा होता की इन्स्पेक्टर आधी जीपमध्ये चढले आणि मग कारण विचारलं.

"कप फुटले," वहिनींनी सुरुवात केली, "म्हणजे ट्रेलर सामान न बांधता हलला. मेट्रनबाईंनी तो तसा हलवला नसता."

"पण मन थाऱ्यावर..."

"थाऱ्यावर नसलेल्या मनाने ठोकळे लावले, चार टेकू लावले, बुडबुडा मधोमध आणला? उडी मारायला ट्रेलर सपाट कशाला लागतो, साहेब? नाही. ट्रेलर लावणाऱ्याला तो बाहेरून तोंडपाठ होता आणि आतून अगदी अनोळखी. तळवाल्या बाईंना बाहेरून जमत नाही, त्यांच्या खांबालाच विचारा. प्राध्यापक ट्रेलरात राहतात. आमच्याशी बोलतानासुद्धा त्यांचे हात कप बांधत होते. त्यांनी नेला असता तर एक कप फुटला नसता."

"म्हणजे मेकॅनिक," भाऊजी म्हणाले. या वेळी त्यांचा अंदाज सर्वांत शेवटी आला होता, म्हणून बरोबर होता.

"त्याचा धंदा चाकाच्या उंचीपर्यंतच. वरच्या संसाराशी त्याला काय देणंघेणं? आता मेण बघा. वितळलेलं मेण पाण्यासारखी पातळी धरतं. तळावरचा ओटा सपाट, कड्यावरचा ट्रेलरही सपाट. मग ते तिरपं कुठे थिजलं? जिथे एक चाक काढायला ट्रेलरची एक बाजू उचलली होती तिथे. बॅटरी सोडवलेली, शेडमध्ये अंधार, म्हणून बाईंनी मेणबत्ती लावली. उतरताना विझवली. त्यानंतर तो पेला कोणी उचललाच नाही, कप कोणी बांधलेच नाहीत. आणि हा म्हणतो, त्या स्वतः चालवत गेल्या!"

"बूट..." पाहुणी म्हणाली.

"त्यांच्या पायात आहेत. गॅरेजात त्या बूट घालून खाली उतरल्या, आणि परत चढल्या नाहीत. खुणेला काहीतरी ठेवायला हवं, म्हणून दाराशी दिसल्या त्या चपला त्याने नेल्या."

पाहुणीने वहिनींचा हात पकडला. "म्हणजे तिचं प्रेत..."

"तो शब्द उच्चारू नका. गाडीखाली उभ्याने काम करता यावं म्हणून गॅरेजात खड्डा असतो. इथेही आहे, भाऊजी त्याच्याच फळीला अडखळले. अशा खड्ड्यावर बंद व्हॅन उभी करून हा शहाणा चिखलात पाठ का घासतोय? आणि खड्ड्यात मेलेलं माणूस असेल, तर रेडिओ एवढा मोठा कशाला लागतो?"

जीपच्या ड्रायव्हरने न सांगता वेग वाढवला.

शेडमध्ये शिरताच वहिनी कोणाशी बोलल्या नाहीत. त्यांनी रेडिओची वायर उपटली.

एकाएकी शांतता पसरली. बाहेरच्या लाटा ऐकू आल्या. मग जमिनीखालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. टक. टक. टक. जराही घाई न करता, एका लयीत.

मेकॅनिक मटकन खाली बसला.

चौघांनी व्हॅन ढकलली, फळ्या उचलल्या. टॉर्चच्या उजेडात मळलेला, सुजलेला, कमालीचा संतापलेला चेहरा वर बघत होता.

"कोणी खाली उडी मारू नका! पाय मोडलाय. फळी खाली सोडा, दोघं जण उतरा, आणि मी सांगीन तेव्हाच उचला."

मोडक्या पायाला तिने दोन लांबलचक लोखंडी पाने चिंध्यांनी घट्ट बांधून घेतले होते. इन्स्पेक्टरांनी नकळत टोपी काढली.

वर आल्यावर ती एका घोटात पाणी प्यायली. "जुनंच बेअरिंग ग्रीस फासून परत बसवत होता. नव्याचं खोकं उघडलंसुद्धा नव्हतं. मी उतरून हात धरला, तर खड्ड्यात ढकललं मला."

"मेल्या असंच वाटलं हो," मेकॅनिक गुडघ्यांत तोंड घालून म्हणाला. "ट्रेलर कड्यावर ठेवून चालत परत आलो, तर खालून पाणी मागत होत्या. पाणी दिलं, पाव दिला. सोडलं तर तुरुंग. आणि मारायला हात होईना."

"आज बोटी थांबल्यावर काय करणार होतात?" वहिनींनी विचारलं.

एका टिचभर बेअरिंगची लबाडी दोन दिवसांत खुनाच्या उंबऱ्याशी येऊन ठेपली होती. इतकं चढं व्याज कुठला सावकारही लावत नाही.

स्ट्रेचर उचललं गेलं तेव्हा पाहुणी बहिणीचा हात सोडत नव्हती. आता कुठे तिला मोकळेपणी रडता येत होतं, आणि रडता रडताच ती दरडावत होती. "आता तो ट्रेलर विकून टाकायचा. ऐकतेयस का, ताई? उद्याच्या उद्या!"

मेट्रनबाईने मान वळवून शेडबाहेर, अंधारत चाललेल्या रस्त्याकडे पाहिलं.

"वेडी आहेस का?" ती म्हणाली. "अजून अर्धा किनारा राहिलाय."