उजव्या कानातलं गाणं

दुपारी चारपर्यंत बावीस कान तपासून झाले होते, आणि तिच्या स्वतःच्याच डोक्यात टूं... टूं वाजायला लागलं होतं. इस्पितळाच्या तळघरात, आवाजबंद खोलीच्या काचेबाहेर बसून नऊ वर्षं ती हेच करत आली होती. आतल्या माणसाला हेडफोनमधून बारीक आवाज ऐकवायचे, त्याने बटण दाबलं की आलेखावर खूण करायची. कामाचा कंटाळा नव्हता. थकवा होता... झोपूनही न उतरणारा.

तेविसावा कान एका उंच, दाढी वाढलेल्या माणसाचा होता. तो स्टुडिओत गाण्यांचं मिक्सिंग करायचा, कुठला आवाज डावीकडून यावा, कुठला उजवीकडून, हे जुळवायचा. तीन दिवसांपूर्वी सकाळी उठला तेव्हा उजवा कान पाण्यात बुडाल्यासारखा झाला होता, आणि पाणी काही ओसरत नव्हतं.

डावा कान लख्ख होता. उजव्या कानाला तिने आवाज दिला. वाढवला... आणखी वाढवला. त्याचा अंगठा हलेना. आणि मग एकदम त्याने बटण दाबलं.

"आत्ता मी काहीच वाजवलं नव्हतं," ती माइकवरून म्हणाली.

"माहितीये." तो ओशाळून हसला. "तुम्ही काचेतून इतक्या आशेने बघत होतात, की मलाच कसंतरी झालं."

तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

तो बाहेर आला तेव्हा तिचं लक्ष त्याच्या टी-शर्टकडे गेलं. पाणी काढून टाकलेला पोहण्याचा तलाव, आणि तळाशी वाद्यं घेऊन बसलेले तिघे. एका बँडच्या पहिल्या अल्बमचं ते कव्हर तिने लगेच ओळखलं. कॉलेजात असताना मित्रमंडळी या अल्बमवरून एकमेकांच्या उरावर बसायची.

"हा काही सगळ्यात भारी पहिला अल्बम नाही हं," तिच्या तोंडून निघून गेलं.

तो जागीच थांबला. "काय म्हणालात? जरा डावीकडून म्हणा."

ती डावीकडे गेली. "म्हटलं, भारी नाही."

"मॅडम, कानाचं दुखणं सोसेन, हे नाही सोसणार! रिकाम्या तलावात रेकॉर्ड केलाय तो. इतका घुमणारा ड्रम पुन्हा कुणाला जमलाय का? मग तुमच्या मते कुठला?"

"कव्हरवर जिन्यात बसलेल्या त्या मुलीचा."

"एक गिटार, एक आवाज! तो अल्बम आहे की रडगाणं?"

"पहिल्या अल्बममध्ये माणूस तोवरचं सगळं आयुष्य ओततो. तिने ओतलं. तुमच्या तिघांनी नुसता तलाव रिकामा केला."

पुढच्या पेशंटने खाकरून आपण आल्याचं कळवलं, तेव्हा कुठे दोघं भानावर आली.

गोळ्या सुरू झाल्या. दर बुधवारी तपासणी, आणि तपासणीनंतर दहा मिनिटं भांडण. तो नवे नवे वकिली मुद्दे घेऊन यायचा. तीही घरी जुने अल्बम उकरून काढून ऐकायला लागली. "कान तपासतेस की गाण्याची परीक्षा देतेस?" आईने एकदा विचारलंच. बुधवार आला की ती केसही नीट बांधायची.

आलेख मात्र जागचा हलला नाही. डावी रेघ वर, उजवी पार तळाला.

तिसऱ्या बुधवारी तो खुर्चीत नुसता बसून राहिला. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"आज काय मुद्दा?" तिने विचारलं.

"काही नाही. तुमचंच खरं... जिन्यावरची मुलगीच भारी."

गेल्या तीन आठवड्यांत तो दमला होता, चिडला होता, पण हार मानली नव्हती. हा माणूस वाद सोडतोय म्हणजे सगळंच सोडतोय, हे तिला त्या एका वाक्यात कळलं.

"पुढची तपासणी इथलीच माझी मैत्रीण करेल," ती म्हणाली.

त्याने चमकून पाहिलं. "का? माझं काही चुकलं?"

"पेशंटशी भांडता येतं..." ती आलेखाची घडी घालत राहिली. "चहाला नाही जाता येत."

तो दाढी खाजवत म्हणाला, "दाढी करून येतो."

चौथ्या बुधवारी मैत्रिणीने तपासणी केली. आलेख तोच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता उजव्या कानाचं ऐकणं परत येण्याची आशा फार थोडी.

इस्पितळामागच्या बागेत, बाकावर, दोघं कागदी कपातून चहा पीत बसली. हिवाळ्याचं फिकट ऊन होतं.

"एका कानाने मिक्सिंग करणारे असतात म्हणे," तो म्हणाला. "शिकेन. फक्त गाण्याची उजवी बाजू गेली हो... ती कुणाकडून ऐकू?"

तिने हात पुढे केला. त्याने फोन काढला, इअरफोनचं डावं बोंड स्वतःच्या डाव्या कानात घातलं, उजवं तिला दिलं. ती त्याच्या उजव्या हाताला बसली होती; वायर आखूड, म्हणून आणखी जवळ सरकली. त्याने तलाववाल्यांचा अल्बम लावला.

"उजवीकडे काय चाललंय?" त्याने विचारलं.

ती त्याच्यापुढे वाकून मोठ्याने म्हणाली, "कुणीतरी डबा बडवतंय."

"अहो, तो ड्रम!"

"आता गिटार... आता कुणीतरी हळूच हसलं, बहुतेक चुकून."

त्याने डोळे मिटले होते. चेहऱ्यावरचा ताण सैल पडत चालला होता. त्याच्या त्या बंद कानाशी टेकून, अगदी हलक्या आवाजात ती म्हणाली, "मला तू आवडतोस."

त्याने डोळे उघडले. "काही म्हणालात?"

'काही नाही' हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण ज्याला ऐकू येत नाही त्याच्या मनाला सगळ्यात जास्त लागणारे शब्द तेच, हे तिच्याहून चांगलं कोण जाणत होतं?

ती उठली. बाकाला वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसली. त्याच्या कानातलं बोंड काढून हातात धरलं.

"म्हटलं, मला तू आवडतोस."

त्याचा कप ओठांपाशीच थांबला. "तू... म्हणालात?"

"ऐकू आलं ना?"

"आलं," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा चिरकला होता. "स्वच्छ ऐकू आलं... तरी पुन्हा एकदा म्हण."