धुतलेली चिप

रक्त तपासायची नवी चिप मागवायची तर फाइल सहा महिने टेबलं हिंडायची. म्हणून भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, एक रीत पडून गेली होती. वापरलेली चिप धुऊन काढायची आणि सकाळी स्कॅनरमध्ये आधी तीच घालायची. पडद्यावर नुसता काळोख आला की स्कॅनर ठीक. मग रुग्णाची चिप.

त्या दिवशीचे रुग्ण तंत्रज्ञ सुचेताचे वडीलच होते, घरी अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या रक्तातली कोणती जनुकं जागी आहेत, ते चिपवरच्या ठिपक्यांत उजळायचं होतं, आजाराची जनुकं लाल रांगेत, आणि त्यावरून औषध ठरायचं होतं. चिपवरचा रंग उजेडात विटतो, म्हणून खोलीला काळे पडदे. बाहेर अकराचं ऊन, आत स्वतःचा हात दिसत नव्हता. स्पिरिटचा वास आणि स्कॅनरची घरघर, एवढंच काय ते होतं.

धुतलेली चिप आत गेली. स्कॅनरचा पडदा काळा झाला... आणि हळूहळू ठिपके उजळू लागले.

सुचेताने चिप पुन्हा धुतली. ठिपके आणखीच ठळक झाले. दुसरी कुणी असती तर घाबरली असती. ही पडली चौकस. चिपच्या नंबरावरून तिने जुनी फाइल उघडली. वसंतराव, कारखान्यातल्या फोर्ज शॉपमधले, दिवाळीत वारलेले. ठिपके त्यांचेच होते, पण आजाराची लाल रांग तेवढी विझली होती. वारलेला माणूस ठणठणीत बरा झाला होता.

"शशिकलादीदी, हे बघा ना..."

तिच्या वरिष्ठ शशिकलादीदी दारातूनच हळू आवाजात म्हणाल्या, "मशीनशी बहस नको करूस. काळं येईपर्यंत दुसरी चिप लावायची नाही."

"तोवर रंग विटेल. पुन्हा काढायला बाबांच्या अंगात रक्त उरलंय कुठे?"

दीदी आत येऊन स्कॅनरजवळ उभ्या राहिल्या. सुचेताने बाबांची चिप लावली.

ठिपके सुरेख आले. लाल रांग मात्र नव्हती.

"अगं, रिपोर्ट एकदम साफ आहे," पडद्याच्या उजेडात दीदींचा चेहरा खुलला. "आजारच नाही."

इतका साफ रिपोर्ट सुचेताने आजवर एकाच माणसाचा पाहिला होता. तिने बाग सेवनिया वस्तीतल्या घरी फोन लावला.

आई हसत होती. "कळ थांबली म्हणतात गं. तीन महिन्यांनी उठून बसलेत, शिरा मागताहेत."

"आई... त्यांचा हात धर."

"का गं?"

"धर ना."

बांगड्या किणकिणल्या. मग एकदम थांबल्या.

"गार आहे गं..." आई कुजबुजली. "अगदी गार. पण बोलताहेत की..."

आणि मागून बाबांचा आवाज आला, कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता इतका खणखणीत. "बेदाणे जरा जास्त घाल."