आधी बायको, मग नवरा

लिफ्ट बंद, म्हणून दिवसभर चष्म्याचे नंबर काढून शिणलेली मी तीन जिने चढून एस्पेरांतो भाषेच्या वर्गात पोचले, तर दारात तो उभा. बाहीला ग्रीस, हातात पाना... लिफ्ट दुरुस्त करायला आलेला. वर्गात विद्यार्थिनी मी एकटीच. म्हाताऱ्या सरांनी त्यालाही बसवून घेतलं, आणि तो चक्क बसला! मग दर आठवड्याला येऊ लागला. लिफ्ट तर पहिल्याच दिवशी चालू झाली होती.

मी चुकले की तो गालात हसायचा, आणि मला पुढचा शब्दच आठवायचा नाही. पाऊस जाऊन थंडी आली, तरी स्वारी गप्पच. मावशी बजावायची, मुलीनं आपण होऊन लग्नाचं विचारलं की भाव उतरतो. मीही हट्टाला पेटले होते. आणि अचानक त्याची बदली झाली. सोमवारी निघायचं होतं.

त्याच्या शेवटच्या वर्गात सरांनी नेमका 'एद्झो' हा शब्द काढला. एद्झो म्हणजे नवरा. या भाषेत एरवी पुरुषाचा शब्द आधी. त्याला 'इनो' जोडलं की बाई होते. 'पात्रो' वडील, 'पात्रिनो' आई. इथे मात्र उलटी गंगा. सर म्हणाले, 'एद्झिनो', म्हणजे बायको, आधी जन्मली आणि तिचं शेपूट छाटून नवरा तयार झाला असं सांगतात. तिचं मूळ कुणी राजकन्येच्या जर्मन शब्दात शोधतं, कुणी रब्बीच्या बायकोसाठी असलेल्या यिद्दिश शब्दात.

वर्ग सुटला. सर खिडक्या लावत होते. लिफ्टपाशी तो रेंगाळला.

"मग... येतो मी," म्हणाला.

मी मनात म्हटलं, खड्ड्यात गेला तो भाव.

"ऐका ना – ऐक. आधी बायको ठरते, मग तिच्यामुळे नवरा. बायको ठरलीय... मी."

त्याचे कान लालबुंद झाले.

"मी रोज विचारणार होतो," तो हळूच म्हणाला. "पण आमच्या कामात माणसं आत घेण्याआधी लिफ्ट रिकामी वरखाली फिरवून बघतात. तीच सवय... प्रश्न मनातच वरखाली फिरत राहिला."

"आणि सोमवारचं तिकीट?"

"एकच काढलंय."

"असू दे. लग्नाची तारीख काढायला परत यायचंच आहे तुला."

त्यानं लिफ्टचं दार उघडून धरलं. मी आत गेले, माझ्यामागून तो. बटण दाबायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही, आणि सर बिचारे जिन्यानं उतरून गेले.