सात दगड

गाडी सुरू झाली ना? झालं तर मग. बसा शेकोटीजवळ, हात पुसून घ्या. उतारावर दीड तास अडकलात, जुना बेल्ट तुटला, नवा बसवलात, सगळं ठीक. मी एकच विचारतो. निघताना रस्त्यावरचे दगड उचललेत?

हसा, हसा. म्हाताऱ्या मिस्त्रीला झोप येत नाही म्हणून पोरांना पिडतो, असंच वाटत असेल. पण हे ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरलं तो ह्याच गॅरेजात गाडी लावायचा आणि त्याने ते मला इथेच बसून सांगितलं, एकदाच.

त्याला सगळे बिऱ्हाडवाला म्हणायचे. ट्रक हेच त्याचं घर. सीटच्या मागे फळी, फळीवर गादी, पुढे फुलाफुलांचा पडदा. स्टोव्ह, पाण्याचे दोन कॅन, आरसा, खिळ्याला टांगलेली बायकोची पिशवी. मूलबाळ नव्हतं. घरी एकटीला करमेना म्हणून ती एका फेरीला सोबत आली आणि नऊ वर्षं उतरलीच नाही. आम्ही चिडवायचो, तुझ्या दाराला कुलूप लावायचं म्हणजे हँडब्रेक ओढायचा. तो म्हणायचा, भाडेकरू खमकी आहे, निघायचं नाव घेत नाही.

गाडी म्हातारी, त्यामुळे रोज काहीतरी नवं दुखणं. दोघांनी त्याचा बाऊ कधी केला नाही. डिझेलच्या टाकीला चीर गेली की ती साबणाची वडी घासायची. पाण्याचा पाइप फुटला की सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची. तो बॉनेटमध्ये डोकं घालून नुसता हात मागे करायचा, आणि हातात बरोबर हवा तोच पाना यायचा. आणि दगड तिचे. गाडी बंद पडली की ती आधी उतरायची. दोन मोठे मागच्या चाकांना, पाच मागे रस्त्यावर तिरक्या ओळीत, म्हणजे येणारा लांबूनच बाजूला होईल. लावायचे सात, उचलायचे सात. शेवटचा कडेला टाकल्याशिवाय ती गाडीत चढायची नाही.

मग एका डिसेंबरात तिला सणकून ताप होता. मागचं टायर बसलं, जंगलातल्या लांब सरळ रस्त्यावर. दगड त्याने लावले. सातवा मिळेना, तेव्हा रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाचा एक तुटका तुकडा आणला, पिवळा रंग असलेला. चाक बदलेपर्यंत अडीच वाजले. बोटं गारठून लाकूड झाली होती. दगड मागे पन्नास पावलांवर. पन्नास पावलं, पोरांनो, तुम्ही बिडी पेटवायला त्याहून लांब जाता.

पडद्याआडून तिने विचारलं, "दगड उचललेत?"

"उचलले," तो म्हणाला आणि गिअर टाकला.

तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एक ड्रायव्हर सांगत होता. स्कूटरवरून नवरा-बायको चालले होते. चाक पिवळ्या दगडावर चढलं. नवरा जागीच गेला. बायकोची कंबर मोडली. उजाडेपर्यंत ती रस्त्यात पडून होती, हात वर करत होती, आणि तीन गाड्या तिला वळसा घालून निघून गेल्या. फटफटलं तेव्हा ती संपली.

बिऱ्हाडवाल्याच्या बायकोने विचारलं, कुठल्या रस्त्यावर झालं हे. ड्रायव्हर तोंड उघडायच्या आत ह्यानेच भलत्या रस्त्याचं नाव सांगितलं. ती त्या अनोळखी बाईसाठी रडली. म्हणाली, दगड टाकून जाणारी माणसं जेवतात तरी कशी. ह्याने चहा संपवला. तिला कळू द्यायचं नाही, एवढं एकच त्याने मनाशी धरलं. ती तोंडावर थुंकून उतरून गेली असती, आणि तिच्याशिवाय त्याचं घर म्हणजे चार चाकांवरचा पत्रा. मी त्याला मित्र म्हणायचो, पण ह्या एका गोष्टीसाठी मी त्याला माफ केलेलं नाही.

चौदा महिने त्याने तो रस्ता टाळला. मग फेब्रुवारीची अकरा तारीख, मंगळवार. काचेच्या रिकाम्या बाटल्या भरल्या होत्या, सकाळी सातला कारखान्याच्या फाटकात उभं राहायचं. पुढचा पूल बंद, सगळ्या गाड्या जंगलाच्या रस्त्याने वळवल्या. इलाज नव्हता. बायकोशी गप्पा मारत, बाटल्यांची किणकिण ऐकत तो चालला होता. दोन वाजून दहा मिनिटांनी फॅनबेल्ट तुटला. तो सरळ रस्ता... कडेला मैलाचा दगड, एक कोपरा तुटलेला.

ती टॉर्च घेऊन उतरली. हा बॉनेटमध्ये शिरला. जादा बेल्ट जवळ होता, वीस मिनिटांचं काम. मागून आवाज येत होता. खट्. दगड ठेवल्याचा. थोड्या वेळाने खट्.

मग तिचं बोलणं ऐकू आलं. कोणाशी तरी.

त्याने हाक मारली, कोण आहे गं तिथे.

"एक बाई आहेत," ती अंधारातून म्हणाली. "दगड आणून देतायत. त्यांची स्कूटर घसरली म्हणे."

त्याचा पाना खाली पडला.

बेल्ट बसेना. बसला. नट आवळले कसेबसे. बॉनेट आपटलं, केबिनमध्ये चढला, इंजिन सुरू केलं. ओरडला, वर ये, आत्ताच्या आत्ता, दगड उचल आणि ये.

पलीकडचं दार लागलं.

केबिन जरा कलली, माणूस चढल्यावर कलते तशी. बाटल्या एकदाच किणकिणल्या. पडदा हलला. फळी करकरली. त्याने मागे वळून पाहिलं नाही... समोर बघत विचारलं,

"दगड उचललेस?"

मग पडद्याआडून,

"उचलले."

त्याने गिअर टाकला.

शंभर पावलं गेला असेल. आरशात उजेड हलला. टॉर्च. खाली-वर, खाली-वर. टॉर्च घेऊन एक बाई गाडीमागे धावत होती. हात वर करून.

"अहो..."

त्याला वाटलं, तीच. चौदा महिन्यांपूर्वीची. दुसरं काय वाटणार? आपली तर मागे झोपली आहे.

"अहो, थांबा..."

त्याने पाय दाबला. पूर्ण. उजेड लहान झाला. आणखी लहान. वळण आलं.

...

तो दोनदा म्हणाला, झोप गं, काही नाही. उत्तर नाही. दमली असेल. ताप आला असेल पुन्हा.

साडेसहाला कारखान्याच्या फाटकाशी पोचला. उजाडलं तसा जिवात जीव आला. केबिनमधूनच चहा सांगितला, दोन कप. तेवढ्यात फोन वाजला. कुणी हवालदार होता, आवाजावरून दमलेला वाटत होता. जंगलाच्या रस्त्यावर एक बाई सापडली आहे म्हणाला. मागून काहीतरी उडवून गेलं. नंबर तिनेच सांगितला. पहाटेपर्यंत शुद्धीवर होती.

बिऱ्हाडवाला म्हणाला, "चुकीचा नंबर लागलाय साहेब. माझी बायको गाडीत झोपली आहे."

हवालदार म्हणाला, "त्या सारखं एकच सांगत होत्या. ते मुद्दाम नाही गेले, त्यांना काहीतरी दुसरंच दिसलं असेल. आणि काय हो, गाडी बंद पडली तर दगड लावायची रीत माहीत नाही का तुम्हाला? एक दगड नव्हता रस्त्यावर. सगळा रस्ता पालथा घातला आम्ही. एक नाही."

फोन कानाला तसाच होता. त्याने दुसऱ्या हाताने पडदा सरकवला.

गादीवर रजई होती. नीट पांघरलेली, कडा आत खोचलेल्या, ती खोचायची तशा. त्याने रजई ओढली.

एका ओळीत... सात.

मी नंतर पाहिले ते. सहा साधे, मातीने भरलेले, कुठल्याही रस्त्यावर मिळतील असे. सातवा उशीवर ठेवलेला होता. त्यावर पिवळा रंग होता.