खोडलेले वस्तुमान

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरील स्थानकात दोन प्रकारची माणसे आहेत, असे डॉ. मैत्रेयी शेवडे यांचे मत होते. ज्यांना पदार्थविज्ञान कळते ती, आणि उरलेली. पहिल्या प्रकारात त्या स्वतः होत्या. दुसऱ्यात कोण कोण येते हे त्या तोंडाने सांगत नसत. पण स्थानकप्रमुख निनाद टिळेकर बोलू लागले, की त्या चष्मा काढून सावकाश पुसत बसत. त्यावरून सगळ्यांना कळे.

टिळेकर सरकारी खात्यांतून बढत्या घेत चंद्रापर्यंत पोचले होते. शास्त्रज्ञांना ते 'फळ्यावरची मंडळी' म्हणत. हिशेब असा दोन्हीकडून चुकता होत असे.

त्या दिवशी दोघांनाही एकाच नियंत्रणकक्षात बसावे लागले, कारण हिमघसऱ्याची तार तुटली होती.

हिमघसरा म्हणजे सपाट बुडाची पोलादी पेटी. जिथे सूर्य कधीच पोचत नाही अशा विवरातून ती बर्फ भरून वर आणी. तिला चाके नव्हती. एक जाड तार तिला उतारावरून ओढून घेई. तार तुटली ती पेटी अर्ध्या वाटेवर असताना, आणि तुटताना तिचा फटका पेटीवरच्या चालककक्षाच्या दारावर असा बसला की दार चौकटीतच चेपले. आत सुहेल मुलाणी अडकला होता. मिरजेचा, चौतिशीचा, कामाला वाघ. पेटी मात्र घसरली नाही. उतारावर जिथल्या तिथे उभी राहिली. तारेची वाट तिरकी चढत असे; पेटीच्या सरळ खाली मात्र दोनशे मीटरांवर उतार संपून कडा सुरू होत होता.

दार कापायची यंत्रे असलेले उडीयान दुसऱ्या स्थानकावरून निघाले होते. त्याला पोचायला पाच-सहा तास लागणार होते.

"पेटीतला बर्फ टाकून द्या," टिळेकर म्हणाले. "ओझं हलकं झालं म्हणजे घसरायची भीती नाही."

मैत्रेयीबाईंनी चष्मा काढला.

"टिळेकरसाहेब, शाळेत तुम्हाला उताराचं गणित होतं का हो?"

"प्रश्न सुहेलच्या जिवाचा आहे, डॉक्टर."

"म्हणूनच विचारते. पेटीला खाली ओढतं तिचं वजन. तिला धरून ठेवतं घर्षण, आणि ते घर्षणही तिच्या वजनाच्याच प्रमाणात असतं. वजन दुप्पट केलंत तर ओढ दुप्पट, पकडही दुप्पट. वस्तुमान दोन्ही बाजूंना येतं, म्हणून ते खोडायचं."

"पण इथं गुरुत्वाकर्षण सहावा हिस्सा—"

"तेही दोन्ही बाजूंना. तेही खोडायचं. मागं उरतो उताराचा कोन आणि घर्षणांक. उतार अठ्ठावीस अंशांचा आहे. हे पोलाद या धुळीवर एकतीस अंशांपर्यंत थांबतं. पेटीत बर्फ भरा नाहीतर कापूस."

मागे बसलेल्या तंत्रज्ञांपैकी कोणीतरी हसले. टिळेकरांचे कान लाल झाले.

"म्हणजे बर्फ टाकून फायदा नाही. मान्य. पण तोटा?"

"शून्य."

"मग टाकायला हरकत काय?"

"काहीच नाही. तुमच्या मनाला बरं वाटणार असेल तर टाका."

सुहेलचा आवाज आला. "मॅडम, टाकू का मग?"

"टाक. साहेबांची इच्छा आहे," असे म्हणून मैत्रेयीबाईंनी चहाच्या पिशवीची नळी तोंडाला लावली.

पेटीच्या एका बाजूची झडप उघडली. कित्येक टन बर्फ पेटीच्या दिव्यांच्या उजेडात, कसलाही आवाज न करता, गडगडत कड्यावरून नाहीसा झाला.

"मॅडम," सुहेल म्हणाला, "पेटी हलली."

"भास असेल."

"नाही, मॅडम. सरकतीय."

पडद्यावर ते दिसत होते. पेटी थोडी सरके, थांबे, पुन्हा सरके. मैत्रेयीबाईंनी आकडे पुन्हा मांडले. कोन तोच होता, घर्षणांक तोच होता, उत्तर तेच येत होते: पेटी घसरू शकत नाही. आणि पेटी घसरत होती.

"सुहेल, खिडकीतून बघ. बुडाशी काही वेगळं दिसतंय?"

"कडेनं धूळ उडतीय. कुणीतरी खालून फुंकर मारल्यासारखी."

त्यांच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"चालककक्ष उबदार ठेवणारा उष्णताघट बुडाजवळ आहे," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "तार चालू असताना पेटी एका जागी थांबायचीच नाही. आता थांबली, बूड तापलं. धुळीत बर्फाचे कण आहेत. इथं हवा नाही, त्यामुळे ते वितळत नाहीत, त्यांची थेट वाफ होते. सपाट बुडाखाली ती कोंडते. बाष्पगादी तयार होते आणि पेटीला वर उचलते."

"मघाशी नव्हती ती?" टिळेकरांनी विचारले.

"मघाशीही होती. पण वाफेच्या रेट्याला पेटीत किती माल आहे हे ठाऊक नसतं. तो तेवढाच राहतो. भरलेल्या पेटीला तो किरकोळ होता. रिकाम्या पेटीला..." त्या थांबल्या. "समीकरणात असा रेटा आला, की वस्तुमान खोडता येत नाही."

"म्हणजे बर्फ असता तर पेटी थांबली असती."

"हो."

"तुम्ही शून्य म्हणाला होतात."

मैत्रेयीबाईंनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला.

"सुहेल, उष्णताघट बंद कर."

"बंद? मॅडम, बाहेर उणे एकशे साठ आहे."

"वाफ थांबली तर पेटी थांबेल. कर बंद."

पेटी थांबली. कड्यापर्यंत आता दीडशेच मीटर उरले होते, आणि उडीयान अजून खूप दूर होते.

तासाभरात सुहेलचे बोलणे तुटक झाले. तेव्हा एक नवेच गणित सुरू झाले: घट थोडा वेळ चालू करायचा, कक्ष उबदार झाला की पेटी सरकणार, मग बंद करायचा. प्रत्येक उबेची किंमत उतारावर मोजायची. सुहेल विचारी, "मॅडम, आता परवडेल का?" आणि त्या आकडेमोड करून सांगत, "थोडं थांब." कधी म्हणत, "आता कर, पण लगेच बंद कर." एकदा त्याने विचारलेच नाही. घट चालू करून तो बराच वेळ तसाच बसला, आणि पेटी पाहता पाहता वीस मीटर खाली गेली.

"सुहेल, बंद कर!"

"हाताचं काही कळेना झालंय, मॅडम," तो म्हणाला. "जरा उबेत बसू द्या."

टिळेकर भिंतीकडे तोंड करून उभे होते. शेवटी सुहेलने घट बंद केला, तो बचावपथक उतरेपर्यंत पुन्हा लावला नाही. त्यांनी दार कापले तेव्हा पेटीचे पुढचे टोक कड्याबाहेर डोकावत होते.

टिळेकरांनी अहवालात लिहिले, की तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार बर्फ टाकण्यात आला. त्यांच्या अहवालातले हे पहिलेच वाक्य असेल, ज्यात मैत्रेयीबाईंना चूक सापडली नाही.

सुहेलच्या डाव्या हाताची चार बोटे काढावी लागली. मैत्रेयीबाई त्याला भेटायला रुग्णकक्षात गेल्या. काय बोलावे हे त्यांना सुचेना, म्हणून त्या बाष्पगादीविषयी बोलू लागल्या. त्याने मध्येच थांबवले.

"मॅडम, एक विचारू? भरलेल्या पेटीचं आणि रिकाम्या पेटीचं गणित तुम्ही तेव्हा करून बघितलं होतं?"

"नाही."

"केलं असतं तर सापडलं असतं?"

"पाच मिनिटांत."

"मग का नाही केलं?"

त्यांनी चष्मा काढला. पण पुसला नाही, नुसताच हातात धरून ठेवला.

"टिळेकरांनी विचारलं होतं म्हणून."

सुहेलने पट्ट्या बांधलेला हात चादरीत ओढून घेतला.

"पेटीत टिळेकरसाहेब नव्हते, मॅडम," तो म्हणाला. "मी होतो."